अक्कांची थाळी

आमच्या देवपुरातली माणसं भुताला एक वेळ चहा विचारतील, पण कोपऱ्यावरच्या अक्कांना उंबऱ्यात उभं करणार नाहीत! ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. अक्का यायच्या कशा, हेच कुणाला कळत नसे. पायात चप्पल नाही, हातात बांगडी नाही, मग चाहूल लागणार कशी? भाकरी थापता थापता मान वर करावी, तर या बाई मागे उभ्या! पदराखाली पितळेची थाळी आणि डोळे पाळण्याकडे. बाया घाईघाईनं पोराच्या गालाला काजळ लावायच्या. "अक्का ज्याच्यामागं थाळी वाजवते ते पोर बहिरं होतं," असं आमच्या सासूबाई शपथेवर सांगायच्या.

आणि खरं सांगू? घडायचंही तसंच. पलीकडच्या मारवाडी शेठजींच्या नातवामागं अक्कांनी भर दुपारी थाळी बडवली. शेठजी गादीवरून घरंगळले, मांजर माळ्यावर पळालं, नातू मात्र निवांत पेढा चोखत बसला. शेठजी खवळले, "हा जन्मला तेव्हा रीतीनं थाळी वाजवलीय आम्ही!" अक्का म्हणाल्या, "ती बठ्ठी गल्लीनी ऐकी. पोऱ्यानी ऐकी का, कोनी दखं?" सगळ्या गल्लीनं ऐकली, पण पोरानं ऐकली का हे पाहिलं कुणी, असा त्यांचा सवाल.

माझी लेक दोन वर्षांची झाली तरी 'आई' म्हणेना. "काहींना वाचा उशिरा फुटते," सासूबाई म्हणत. अक्कांच्या धास्तीनं आम्ही दुपारी कडी घालून बसायचो. मुलगी म्हणून हिच्या जन्माला थाळी वाजलीच नव्हती. ती वाजली एका दुपारी, त्या कडी घातलेल्या घरात. मी किंचाळले, सासूबाईंच्या हातून तांब्या निसटला. लेक बाहुलीचे केस विंचरत राहिली. तिनं मान वळवली नाही.

"काय केलंत हो माझ्या पोरीचं?" मी अक्कांवर धावून गेले.

अक्का मला हाताला धरून खाली बसल्या. "मना पोऱ्या ट्रकना भोंगाले बी वळना नही, माय. त्याले ऐकू येत नही, हाई कोनलेच माहीत नव्हतं. रडू नको. एक दिन तुनी पोर नक्की वळी."

अक्कांना एक मुलगा होता आणि तो असा गेला, हे मला तेव्हा कळलं. घरात त्या शिरल्या कशा, ते विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच आम्हाला एसटीनं जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कंपाउंडर म्हणाला, "आज नंबर नाही." अक्कांनी पदराखालून थाळी काढली. लगेच नंबर लागला! पुढं कानाचं मशीन आलं, आणि गळ्याला हात लावून बोलायला शिकवणाऱ्या बाईंची शाळाही अक्कांनीच धुळ्यात हुडकली. लेक जेव्हा पहिल्यांदा 'आई' म्हणाली, तेव्हा शेजारी अक्का नाक शिंकरत होत्या. शेठजींचा नातूही त्याच शाळेत जाऊ लागला होता.

अक्का गेल्या. जाताना थाळी आमच्याकडे देऊन गेल्या.

परवा दुपारी माहेरपणाला आलेल्या लेकीला न्हाऊ घातलं आणि तिचे केस पुसत होते. मशीन कपाटात होतं. त्याशिवाय तिला तोफेचा आवाजही कळत नाही. घर अगदी शांत होतं, दाराला कडी होती. एकाएकी तिनं मान वळवली, दाराकडे पाहून हसली आणि तिच्या जड जिभेनं म्हणाली, "अक्का."

दारात कुणी नव्हतं. मी उठून फळीवरच्या थाळीला हात लावला. थाळी हलकेच थरथरत होती.

भीती नाही वाटली मला. डोळे तेवढे भरून आले. थाळीवर हात तसाच ठेवून मी म्हटलं, "वळली, अक्का. पोर वळली."