टेपवर न आलेला ‘पाच’

चमत्काराच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जायचो. अजूनही जातो. तरी हे लिहितोय, कारण यातलं अर्धं मला समजत नाही आणि उरलेल्या अर्ध्याची किळस येते.

मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे — विमानांना रेडिओवरून उंची सांगणारा. विमानतळाचं नाव देत नाही. माझं गाव वडवणीजवळ. गेल्या वर्षी रजेवर आलो होतो. दुपारी तीनला माझे चुलते सोपानकाका यांच्यासोबत मेंढरांमागे माळावर गेलो. काकांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, विमान पाहिलं ते खालूनच.

बाभळीखाली तंबाखू मळता मळता ते एकदम थांबले.

“त्यानं नऊ सांगितलं. त्या बाईला पाच ऐकू आलं. तिनं पाच म्हणून परत सांगितलं बी... त्यानं ऐकलंच न्हाई. हो म्हणला.”

“कोण बाई, काका?”

“लई खाली आली ती,” एवढंच बोलले आणि पुन्हा तंबाखू मळायला लागले.

मराठीत नऊ आणि पाच यांत घोटाळा होत नाही. इंग्रजीत होतो — खरखरणाऱ्या रेडिओवर नाइन आणि फाइव्ह सारखेच वाटतात. काकांना इंग्रजी येत नाही.

संध्याकाळी ऑफिसातून फोन आला. तीनच्या सुमारास एका विमानाला नऊ हजार फुटांपर्यंत उतरायला सांगितलं होतं, ते पाच हजारांकडे निघालं. मध्ये दुसरं विमान होतं. थोडक्यात वाचले. रेडिओवर बोलत होती नवी को-पायलट.

मी कामावर परतलो तोवर चौकशी उरकत आली होती. रेडिओवरचं सगळं बोलणं टेप होतं; त्या टेपवर आमच्या माणसाचं ‘नाइन’ स्पष्ट होतं. सांगितलेली उंची पायलटनं परत म्हणून दाखवायची असते; ती ते म्हणत असतानाच दुसऱ्या कुण्या पायलटनं बोलायचं बटण दाबलं, दोन आवाज एकमेकांवर आले, म्हणून तिथं नुसती किर्र... आणि मग आमच्या माणसाचं ‘रॉजर’, म्हणजे ‘हो, ऐकलं’. त्याचं म्हणणं, मला नाइनच ऐकू आलं.

साहेब समोसा खात म्हणाले, “पोरगी नवी आहे, चुकली. आपण कशाला अंगावर घ्यायचं?” सगळे हसले. तिकडे तिचं उड्डाण बंद केलेलं.

त्या सहकाऱ्याला मी जिन्यात गाठलं. “तिनं फाइव्ह म्हटलं होतं. तू ऐकलंच नाहीस.”

त्याचा चेहरा उतरला. “तुला कुणी सांगितलं?” मग हळूच, “मोबाईल बघत होतो यार. किर्र झालं, रॉजर म्हणून टाकलं. परत कोण विचारत बसणार?”

दोन विमानं भरून माणसं... आणि कोण विचारत बसणार!

जिन्यातलं बोलणं मी लेखी दिलं. माळावरचं नाही. पुन्हा चौकशी झाली, त्यानं कबूल केलं, ती परत विमान उडवायला लागली. कँटीनमध्ये आता माझ्या टेबलावर कुणी येत नाही. बरंच आहे, त्यांच्यासोबत मलाही घास गिळवत नाही.

काकांना नंतर विचारलं. “म्या? कवा म्हणलो?” ते खोटं बोलणारे नाहीत.

एकदा त्या को-पायलटचा फोन आला. “सर, टेपवर तर काहीच नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?”

“अंदाज केला,” मी म्हणालो.

“आपल्या कामात अंदाज चालत नाही, सर.”

खरंय. पण माळावरचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.