लाल खुणेच्या पुढे

बायको गेली त्या हिवाळ्यात मी घरी वीस काडतुसं पुन्हा भरली. त्यातलं तिसरं उडवलं आणि रायफल खाली ठेवली.

नॉटिंगहॅमच्या आमच्या क्लबात मी तीस वर्षं रायफल मारतोय. शाळा चौथीपर्यंत, पुढं जन्मभर लेथ. पण माझी जुनी थ्री-नॉट-थ्री मला कळते. तिच्या काडतुसाला बुडाशी कड असते, त्या कडेवर ते अडकून बसतं. पुढं, काडतूस मानेकडं निमुळतं होतं त्या खांद्यापाशी, जागा ढिली. बार झाला की काडतुसाचं पितळी कवच त्या जागेएवढं फुगतं. ते पितळ पुन्हा भरताना प्रेसवरच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, नुसती मान आवळायची, खांदा मागं ढकलायचा नाही. ढकलला तर पुढच्या बाराला पितळ ताणतं, बुडाजवळ आतून पातळ होतं आणि एक दिवस तिथंच तुटतं. तुटलं की जळता गॅस थेट डोळ्याकडं.

रिकामं पितळ तपासायची बायको. किचनच्या टेबलाशी बसून वाकवलेली तार आत फिरवायची. पातळ जागेचा चर लागला की, "अहो, हे फेका."

"अगं, चांगलं आहे."

"तुमच्या बोटांना तापलेला तवा कळत नाही, चर काय कळणार?"

त्या दिवशी रेंजवर त्या तिसऱ्याच्या बुडाशी चकाकती रेघ होती, पितळ तुटायला आल्याची. शेजारचा गोरा मित्र म्हणाला, "घरी जा, मेट. उरलेली मारू नकोस."

गाडीत डोक्यात एकच किडा. ही वीस तिनंच तपासली होती, शेवटच्या महिन्यांत. औषधानं बोटं बधिर झालेली. ब्लाऊजची बटणं मी लावायचो. तरी तार मीच हातात दिली, तिला करमावं म्हणून. तिला चर लागलाच नसेल तर?

मुलीला फोन करून हे सांगितलं. ती इथंच जन्मलेली, मराठी जरा अडखळतं.

"बाबा, सगळं बिनमध्ये टाका ना. आईचा चूक कशाला शोधताय?"

मी फोन ठेवला.

तिनं तपासलेली चार पितळं भरायची राहिली होती. करवतीनं उभी कापली, आत नख फिरवलं. चारही गुळगुळीत. मग रेंजवरचं कापलं. नख अडकलं.

मग प्रेसकडं गेलो. मी चष्मा विसरतो म्हणून तिनं लाल नेलपॉलिशच्या दोन खुणा केल्या होत्या, एक डायवर, एक प्रेसवर. डाय फिरवून आवळताना त्या जुळल्या की थांबायचं. डायवरची खूण अर्धा फेरा पुढं, पार मागच्या बाजूला गेलेली. तेराव्यानंतर डाय पुसून मीच तळापर्यंत आवळली होती. बघितलंच नव्हतं. तशातच भरताना वीसच्या वीस खांदे मी मागं ढकलले.

हायसं वाटलं. दोन मिनिटं. तिची चूक असती तर तिच्याबरोबर संपली असती. माझी इथंच आहे.

उरलेली सतरा उघडून गोळी-दारू काढली, पितळं पकडीनं चेपली. मुलीला पुन्हा फोन लावला.

"चूक आईची नव्हती. माझी होती."

"मग आता तुमचं कोण चेक करणार, बाबा?"

डाय खुणेवर आणून ठेवली आहे. तेव्हापासून प्रेसला हात लावलेला नाही.