यात्रेतली बटणबंदी

नव्वदीच्या शेवटी-शेवटी मी बदनापूरपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. एसटीची वाट बघण्यात माझा अर्धा जन्म जाणार असं दिसल्यावर नवऱ्यानं मला बटणावर चालू होणारी मोपेड घेऊन दिली. शाळेच्या गावात तशी दुसरी नव्हती. बाकीच्या सगळ्या जुन्या, पायडल मारून चालू करायच्या. शाळा सुटल्यावर मी बटण दाबलं की पोरं म्हणायची, "बाईनं गुदगुल्या केल्या, गाडी हसली."

त्या गावच्या यात्रेत मोपेडची शर्यत असायची. गाड्या देवळासमोर स्टँडवर ओळीनं लावायच्या, इंजिन बंद. चालवणारे समोरच्या पाराजवळ उभे. शिट्टी वाजली की पळत यायचं, गाडी चालू करायची आणि पाझर तलावाला वळसा घालून परत यायचं. खरी मजा गाडी चालू करण्यातच होती. कोणी पायडल मारून घामाघूम झालेला, कोणी गाडीच्या खानदानाचा उद्धार करतोय, कोणाची गाडी मालकाला सोडून एकटीच पुढं निघालेली. तलावाकडं कोणी बघायचंच नाही.

माझ्या नवऱ्याचं बदनापुरात बियाण्यांचं दुकान. त्यांनी आयुष्यात एकही शर्यत जिंकलेली नव्हती. लग्नात ताटातली अंगठी शोधायच्या खेळातसुद्धा मीच जिंकले होते. गाडी आली त्या वर्षी ते माझ्या गाडीवर शर्यतीत उतरले. शिट्टी झाली. ते पळालेसुद्धा नाहीत. गिऱ्हाइकाला सामोरं जावं तसे सावकाश चालत गेले, खिशातून रुमाल काढला, सीट पुसली, बटण दाबलं आणि निघाले. वळसा घालून पहिले परत आले तेव्हा दोन गाड्या अजून जागच्या हलल्या नव्हत्या.

पुढच्या यात्रेआधी देवळात बैठक बसली. शर्यतीचे पंच म्हणजे सायकल-मोपेड दुरुस्तीचं दुकान असलेले चाचा. ते उभे राहिले.

"शर्यत मान्साची हाये का बॅटरीची? बटण बिलकुल बंद!"

"बटण गाडीसंगच आलंय," आमचे हे म्हणाले. "मी काय वरून बसवून आणलं का?"

"शेठ, लोकं पायडल मारून मरून राह्यल्ते, अन् तुमी सीट पुसून राह्यल्ते. सीट!"

सीटचा घाव लोकांना भलताच खोल लागला होता. चारी बाजूंनी "सीट, सीट" सुरू झालं. पण हेसुद्धा पेटले होते. "बॅटरीचा करंट चालत न्हाई म्हणता, मंग प्लगमधी बी करंटच असतो. तो बी काढा!"

मग मागून एक आजोबा गंभीरपणे म्हणाले, "काढा. समद्यांचेच काढा."

प्लग काढला तर एकही गाडी हलणार नाही, हे आजोबांना समजावण्यात चाचांचा बराच वेळ गेला. त्यावर सरपंच म्हणाले, "मंग त्यात बी बराबरीच झाली की."

शेवटी ठरलं की बॅटरी काढून चाचांच्या ताब्यात द्यायची. बटणावर नुसती पट्टी चिकटवली तर खालून बोट घालतील, असा संशय होता. पण बॅटरी नाही म्हणजे हॉर्न नाही, आणि रस्त्यात म्हशी. म्हणून सगळ्यांनीच हॉर्न तोंडानं वाजवायचा. आणखी एक नियम झाला. मागच्या साली एकानं पायडल मारायला धष्टपुष्ट मेव्हणा आणला होता. म्हणून जो गाडी चालू करील, त्यानंच ती चालवायची.

बॅटरीशिवाय आमची गाडी किक मारूनच चालू व्हायची, आणि आमच्या ह्यांनी तिला कधी किक मारलेली नव्हती. यात्रेच्या आधी रोज संध्याकाळी अंगणात सराव चालायचा. किक उलटी येऊन नडगीवर बसायची आणि मी हळदीचा लेप लावायचे. हिवाळ्यात सकाळी बॅटरी मान टाकायची तेव्हा मी किकच मारायचे, म्हणून म्हटलं, दाखवू का? तर म्हणाले, "तुझी किक वेगळी. शर्यतीची किक वेगळी."

यात्रेच्या दिवशी बॅटरी चाचांच्या मांडीवर गेली. शिट्टी झाली. ह्या खेपेला हे जिवाच्या आकांतानं पळाले. पहिली किक मारली, आणि पायातली चप्पल उडून भजीवाल्याच्या परातीत पडली. भजीवाला चप्पल वर धरून विचारायला लागला, "कोनाची हाये?" ह्यांनी ओळख दाखवली नाही. अनवाणी पायानं किका मारत राहिले. एकेक करत गाड्या निघाल्या. केदारखेड्याहून आलेला एक पैलवान तोंडानं ट्रकचा हॉर्न वाजवत गेला. लोक ओरडत होते, "बाईचे मालक, हाना!"

मला काही बघवेना. मी गर्दीतून पुढं झाले. "अहो, आधी चोक तर ओढा. सरका."

चोक ओढला, एक किक मारली. गाडी चालू झाली. हे खुशीत बसायला गेले, तेवढ्यात चाचांची शिट्टी.

"ठैरो! गाडी कोनी चालू केली?"

"बाईनं!" माझा अख्खा तिसरीचा वर्ग ओरडला.

"मंग बाईच चालवतील," सरपंच म्हणाले. "नियम म्हंजी नियम."

मी नव्या साडीत. ह्यांच्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता, पण म्हणाले, "जा जल्दी. तलावाच्या वळणावर खड्डा हाये, आतून घे."

मी पदर खोचला आणि निघाले. पुढं म्हशी. "पीं पीं" केलं, "पों पों" केलं, एकीनंही मान वळवली नाही. मग वैतागून वर्गातल्या आवाजात ओरडले, "ए, एका रांगेत चला!" आणि खरं सांगते, म्हशी कडेला झाल्या. पुढचा एक मोपेडवालासुद्धा झाला. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप होता तो. वळणावर पैलवान दिसला. खड्ड्यात पडला होता, गाडी वर, तो खाली, आणि तशातही हॉर्न वाजवत होता.

माझा तिसरा नंबर आला. तिसऱ्याला टॉवेल-टोपी होती. बाईच्या डोक्यावर टोपी कशी घालायची यावर पुन्हा छोटी बैठक झाली. मग सरपंचांच्या घरून माझ्यासाठी खण-नारळ आला आणि टॉवेल-टोपी "बाईच्या मालकाला" दिली. त्यांनी ती एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी अशा अवस्थेत, मान ताठ ठेवून घेतली.

चाचांनी बॅटरी बसवून दिली. घरी जाताना गाडी मीच चालवली, हे मागं. बदनापूरचं रेल्वे फाटक आलं. फाटक बंद होतं. मी गाडी बंद केली.

"तिसरा नंबर म्हंजी काही कमी न्हाई," मागून आवाज आला.

"नाहीच."

"उद्या दुकानात लोक इचारतील. नंबर आपला आला म्हणायचं, का तुझा आला म्हणायचं?"

"आपला म्हणा."

"आन् म्हशी?"

"म्हशी माझ्या."

त्यांनी थोडा विचार केला. "बराबर हाये," म्हणाले. मालगाडी आली, चांगली लांबलचक होती. ती जाईपर्यंत आम्ही नारळ फाटकाच्या खांबावर फोडला आणि खोबरं खात उभे राहिलो.