आमच्या गाडीच्या चादरी

मी एका म्हातारीची विहीर आटवली आणि त्या पाण्यात आगगाडीच्या चादरी धुतल्या.

एका वाक्यात लिहिलं की केवढासा दिसतो हा गाढवपणा! तो करायला मात्र मला दोन वर्षं लागली. तेव्हा मी बेचाळीसची होते. डोक्यावर भरपूर केस होते आणि डोक्यात फारसं काही नव्हतं. नातवंडं विचारतात, "आजी, तू तरुणपणी काय करायचीस गं?" मी सांगते, "रेल्वे चालवायचे." ती खिदळतात. त्यांना वाटतं आजीची गंमत चाललीय. त्या दोन वर्षांत मला खरोखरच तसं वाटत होतं, हे त्यांना कोण सांगणार?

आम्ही रेल्वे फाटकाच्या पलीकडं राहायचो, सातारा परिसरात. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं, आणि शहर रोज फाटक ओलांडून आमच्याकडं येत होतं. कालपर्यंत बाजरी होती तिथं आज चुन्याच्या रेघा, उद्या पाटी: अमुक गार्डन, तमुक पार्क. झाड एक नाही. महापालिकेचं पाणी फाटकाच्या अलीकडंच थांबायचं.

आमचा प्लॉट एका धनगराच्या रानाचा तुकडा होता. त्यानं रान तुकड्या-तुकड्यानं विकलं, पोरींची लग्नं केली आणि वारला. मागं उरली त्याची म्हातारी, आमच्या कुंपणाला लागून एक पट्टी, त्या पट्टीत सासऱ्यानं स्वतःच्या हातानं खणलेली विहीर आणि वीस-बावीस मेंढरं. मुलगा वाळूजला कंपनीत होता, तिकडंच राहायचा. म्हातारी मूळची पिशोरकडची. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाई.

आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्याकडं बोअर नव्हता. पहिलं वर्षभर आम्ही तिच्याच विहिरीचं पाणी प्यायलो. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं सोयीनं विसरायचे.

मग आमचा बोअर झाला. पाणी बेताचं पण गोड लागलं. आणि त्या गोड पाण्याच्या वासानं आमच्या दारात एका प्रवासी कंपनीचा मालक आला.

हा मालक आधी लक्झरी बसेस चालवायचा. त्या वेळी रेल्वेनं एक पर्यटकांची गाडी खासगी माणसाला चालवायला द्यायचं काढलं होतं. मुंबईहून रात्री निघायचं, सकाळी औरंगाबादला, वेरूळ-अजिंठा दाखवायचा आणि परत. आठवड्यातून दोन फेऱ्या. सात वर्षांचा हक्क, आणि त्याबद्दल दरवर्षी रेल्वेला ठरलेली रक्कम, गाडी भरो न भरो. या गृहस्थानं सगळ्यांच्या वर बोली लावली आणि गाडी मिळवली. इंजिन रेल्वेचं, डबे रेल्वेचे, रूळ रेल्वेचे, ड्रायव्हर रेल्वेचा. कंपनीचं काय? चादर, चहा आणि तोटा. पण तोट्याचं तेव्हा कुणाच्या ध्यानात नव्हतं, माझ्या तर नव्हतंच.

"ताई," मालक आमच्या बाजेवर बसून म्हणाला, "सगळीकडं पाणी जड आहे. चादरी पिवळ्या पडतात. तुमचं पाणी बघा, साखर आहे साखर. तुम्ही धुलाई घ्या. आजपासून ही गाडी तुमचीच समजा."

मी समजले. लोक असं बोलतात आणि आपण चहा देऊन त्यांना वाटेला लावायचं असतं, एवढंही मला कळत नव्हतं. आमचे हे जिल्हा परिषदेत कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज वाचलेला माणूस. ते म्हणाले, "त्याला विचार तरी, करारात काय काय लिहिलंय." मी म्हटलं, "तुम्हाला कुणाचं चांगलं बघवतच नाही." ते गप्प बसले. गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

गल्लीतल्या चार बाया हाताशी घेतल्या, धुण्याची दोन मोठी यंत्रं आणली, गच्चीभर तारा ओढल्या. पण दर फेरीला तीनशे चादरी, वर उशांचे अभ्रे, टॉवेल. आमच्या बोअरला दुपारीच धाप लागायची. दुसरा बोअर घ्यायचं ठरलं, पहिल्यापेक्षा तिप्पट खोल. जागा दाखवायला पाणाडी बोलावला. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो प्लॉटभर फिरला. नारळ सगळीकडं निजलेला. कुंपणाच्या कोपऱ्यात, मावशीच्या विहिरीपासून दहा पावलांवर तो पोचला आणि तिथं नारळ उभा राहिला. मी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या!

कुंपणापलीकडून मावशी बघत होती. ती पाणाड्याला म्हणाली, "आरं बाबा, तितं पानी हाय ते सांगाया नारळ कशाला पायजे? मला इचारायचं. ते माझंच हाय."

बाया हसल्या. पाणाडी पण हसला. मी हसून वर म्हणाले, "मावशी, जमिनीखालचं पाणी काही कुणाच्या नावावर नसतं."

केवढं शहाणं वाक्य! आठवडाभर मी ते चार जणांना ऐकवलं. वर्षभर जिच्या विहिरीला घागर लावली तिलाच ऐकवलेलं, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

गाडी सुरू झाली त्या दिवशी इंजिनाला केळीचे खांब बांधले होते, बँड होता, मालकाच्या गळ्यात हार मावत नव्हते. पहिला हिवाळा गाडी भरून आली. फाटक बंद असलं आणि समोरून आमची गाडी जायला लागली की मी रिक्षातून उतरून उभी राहायचे. शेजारच्या स्कूटरवाल्याला सांगायचे, "आमची गाडी आहे." एकदा मावशी मेंढरं घेऊन तिथंच खोळंबली होती. म्हणाली, "तुजी गाडी हाय व्हय? मंग फाटक उघडाया सांग की. जनावरं उन्हात हायेत."

पुढच्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की दिवाळीनंतर मावशीला पोहऱ्याच्या दोराला आणखी एक कासरा जोडावा लागला. ती आमच्याकडं आली. चिडलेली नव्हती, तेच वाईट होतं.

"बाई, तुजी मोटार दोन दिस बंद ठिवून बघ. हिरीला जरा उमाळ येतो का बगू."

मी म्हटलं, "मावशी, दोन दिवस म्हणजे एक फेरी. गाडी थांबत नसते."

"मेंढरं बी थांबत नसत्यात," ती म्हणाली.

मला वाटलं, हिला बिचारीला कळत नाहीये आपण केवढं काम करतोय. म्हणून तिला दाखवायचं ठरवलं. हा माझ्या मूर्खपणाचा कळस. एका सोमवारी तिला रिक्षात घालून स्टेशनवर नेलं. उतारू उतरत होते. कंपनीच्या माणसाला सांगून मी तिला डब्यात चढवलं. गार हवा, पडदे, कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं हत्ती काढलेल्या पांढऱ्या चादरी. एका बर्थवर एक साहेब बसून बूट पुसत होता. आमच्या टॉवेलनं. मी त्याच्याकडं पाठ केली.

"बघा मावशी, हात लावून बघा. आपल्या पाण्याची चादर."

तिनं बोटानं चाचपली. "किती टाईम निजत्यात हिच्यावर?"

"एक रात्र."

"मंग?"

"मग धुवायची."

"डाग नसला तरी?"

"नसला तरी. नियमच आहे तसा."

तिनं त्या बूट पुसणाऱ्या साहेबाकडं पाहिलं. मग म्हणाली, "चल बाई. मेंढरं सोडायचीत."

सोमवार म्हटलं मी, त्याचीही एक कथा आहे. रेल्वेनं गाडीला दिलेल्या वेळा अशा होत्या की एक फेरी सोमवारी पोचायची, आणि सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद! मालकानं आधी सही केली आणि मग कॅलेंडर बघितलं. अजिंठा बघायला आलेली माणसं बंद दरवाजाचे फोटो काढून परत यायची. शिवाय दुसऱ्या गाड्यांना आधी वाट द्यायची, असं करारात होतं. तेही त्यानं वाचलं नव्हतं. आमची गाडी कुठल्याशा लहान स्टेशनात तासन्‌तास उभी राहायची आणि आत लोक चादरी पांघरून शिव्या द्यायचे. उन्हाळा लागला तसं हॉटेलांनाही पाणी पुरेना. दुष्काळाच्या बातम्या मुंबईच्या पेपरात छापून यायला लागल्या आणि माणसांनी तिकिटं रद्द केली. मालकानं बसेस विकल्या. रेल्वेनं ठरलेल्या रकमेत एक पैसा कमी केला नाही. तो येऊन बाजेवर बसायचा, पण आता साखर वगैरे म्हणायचा नाही. "ताई, थोडं सांभाळून घ्या. पाऊस पडला की गाडी भरेल."

आणि मी सांभाळून घेत होते! अर्धी गाडी रिकामी यायची, तरी मी तीनशे चादरी धुवायचे. कुणी न निजलेल्या सुद्धा. नियम म्हणजे नियम. साबणाचं पांढरं पाणी नालीतून मावशीच्या पट्टीकडं वाहायचं. मेंढरं धावत यायची, हुंगायची आणि तोंड फिरवायची. मी गच्चीवरून चादरी झटकताना हे रोज बघत होते. म्हणजे दिसत नव्हतं, असं मला म्हणता यायचं नाही.

चैत्रात विहिरीचा तळ दिसला. मावशी पोहऱ्यानं आतला गाळ काढत होती. मुलगा वाळूजहून आला, आमच्या कोपऱ्यातल्या मोटारीकडं बघत उभा राहिला. मी तिला रोज दोन हंडे पाणी देऊ केलं. आमच्या बोअरचं. माझ्या त्या औदार्याची आठवण आली की आजही तोंड कडू होतं. तिनं प्यायला घेतलं, मेंढरांना घेतलं नाही. दोन हंड्यांत वीस मेंढरं होत नाहीत. पुढच्या बाजाराला तिनं ती सगळी विकली. दुष्काळात सगळेच विकत होते, खाटकाशिवाय घेणारा नव्हता. मग पट्टी एका बिल्डरनं घेतली, विहीर मुरुमानं बुजवली, आणि ती पिशोरला भावाकडं निघून गेली. आमच्या दारावरून गेली, पण पायरी चढली नाही.

वैशाखात आमचाही बोअर आटला. तिप्पट खोल असलेला. मोटार नुसती हवा ओढायची. आमचे हे म्हणाले, "आता?" एवढंच म्हणाले. लग्न झाल्यापासून इतकं झोंबलेलं दुसरं काही आठवत नाही.

त्याच महिन्यात मालकानं गाडी रेल्वेला परत केली. बँड नाही, केळीचे खांब नाहीत. रेल्वेनं डबे ओढून नेले आणि दुसऱ्या कुठल्या गाडीला जोडले. मालकाचा फोन बंद. आमच्या घरात शेवटच्या फेरीच्या धुतलेल्या, इस्त्री केलेल्या चादरी पडून राहिल्या. न्यायला कुणी आलं नाही. पुढं बरीच वर्षं आमच्याकडं जो पाहुणा आला तो हत्तीवर निजला.

पाऊस पुढच्या वर्षी आला. तेव्हा मला धीर झाला. त्यातल्या बऱ्या आठ चादरी निवडल्या, पिशवीत घातल्या आणि एसटीनं पिशोरला गेले. माफी मागायची, एवढं ठरवलं होतं. मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून चादरी. बघा, शहाणपण तोपर्यंतही आलं नव्हतं.

मावशी भावाच्या घराच्या ओट्यावर बसली होती. नुकतीच दुसऱ्याच्या रानातून खुरपून आली होती, खुरपं शेजारीच. भावानं चहा ठेवायला सांगितलं. दारात रिकामे हंडे टँकरसाठी रांगेत लावलेले. विहिरींना अजून म्हणावं तसं पाणी चढलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. त्या वेळी तुमचं ऐकायला पाहिजे होतं." मी पिशवी पुढं केली. तिनं एक चादर काढली, उलगडली, कोपऱ्यातल्या हत्तीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, घेतली. मग तिनं ती घडीवर घडी घालून, कडेला कड जुळवून, माझ्यापेक्षा नीट पिशवीत ठेवली आणि पिशवी माझ्या मांडीवर दिली.

"चादरी चांगल्या हायेत, बाई. पर लई पांढऱ्या हायेत. धुवाया पानी लागंल. ते मी कुटनं आनू?"