आत्याची गुळवेल

गुळवेलीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात, ही बातमी खोटी नव्हती. म्हणूनच तर माझा जास्त संताप व्हायचा. पेशी मेल्या होत्या, पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत. बशीला यकृत नसतं, बशीला उलट्या होत नाहीत. हे मी पत्रकात ठळक अक्षरांत छापलं आणि मंडईच्या दारात उभी राहून वाटलं. एका काकांनी पत्रक घेतलं, चष्मा वर केला.

"आपण डॉक्टर का?"

"नाही."

"मग बरंय," म्हणाले, आणि त्यात कोथिंबीर गुंडाळली.

घरात मात्र माझं तोंड बंद होतं. आईला स्तनाचा कर्करोग निघाला, केमो सुरू झाली, आणि हडपसरहून आत्या रोज बसने सदाशिव पेठेत यायला लागली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वडील गेल्यावर आम्हा दोघींना सावरलं ते तिनेच. तिच्या पिशवीत गुळवेलीच्या कांड्या असायच्या. त्या ठेचायच्या, उकळायच्या, गाळायच्या आणि कडूजहर पाण्याचा ग्लास आईच्या हातात द्यायचा. मग आत्या समोर बसणार. ग्लास संपेपर्यंत उठायची नाही.

"तू नको का म्हणत नाहीस?" मी आईवर चिडायचे.

"तू एवढ्या लांबून बसमध्ये उभी राहून ये कुणासाठी तरी. मग तुला कुणी नको म्हणू दे."

"मग मी सांगते तिला."

"तुझं ते पत्रक तिच्या हातात दिलंस तर याद राख."

तिसऱ्या केमोच्या आधी रक्ताचा रिपोर्ट आला. यकृताचे आकडे वाढले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, असं असताना औषध देता येणार नाही, केमो पुढे ढकलावी लागेल. आईचा चेहरा पांढरा पडला. केस गेले तेव्हाही ती इतकी घाबरली नव्हती.

"घरी आणखी काही चालू आहे का? काढा, रस, चूर्ण?"

"नाही," आई म्हणाली.

आत्या मागच्याच खुर्चीत बसली होती. मी तोंड उघडणार, तोच आईने माझं मनगट आवळलं.

"नाही कसं?" आत्या उठूनच उभी राहिली. "अगं, मी रोज देते की! डॉक्टर, गुळवेल देते मी. ताजी हं, बाजारची पावडर नाही."

शाबासकी मिळणार, असाच सूर. मला वाटलं, आता हिला झाडणार. खरं तर मला ते हवंच होतं. पण डॉक्टरबाईंनी विचारलं, किती कांड्या, किती पाणी, किती वेळ उकळता. आत्याने सगळं सांगितलं.

"बसा मावशी. यांना सलाइनमधून जे औषध जातं ना, तेही एका झाडाच्या सालीतच सापडलं. पण त्यातलं नेमकं काय द्यायचं, किती द्यायचं, हे कळायला कित्येक वर्षं गेली. तुमच्या ग्लासात काय आणि किती उतरलंय, ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. आकडे त्यानेच वाढले, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण गुळवेलीने काहींच्या यकृताला त्रास झालेला आहे. आजपासून बंद. पुढच्या आठवड्यात परत तपासू."

आत्या पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मग मी काय करू?"

माझ्या पत्रकात काय करू नये ते सगळं होतं. याचं उत्तर कुठेच नव्हतं. काढे विकणाऱ्यांवरचा माझा राग आजही तसाच आहे, उलट वाढलाय. त्यांची दुकानं चालतात ती या एका प्रश्नावर, हे मला तिथे त्या खोलीत कळलं.

उत्तर आईने दिलं. "ताई, तोंडाला चवच नाही हो. नाचणीची पेज आणाल? तुमच्या हातची."

आत्याने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. "पेज चालेल," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात आकडे खाली आले आणि केमो झाली. आत्या पेजेचा डबा घेऊन पलंगाशी हजर. नर्सने बाटली अडकवली तशी तिने विचारलं, "हे झाडाचंच ना हो?"

"हो मावशी."

"मग ठीक आहे." तिने खुर्ची पुढे ओढली.

"आत्या, खूप वेळ लागेल. तू घरी जा," मी म्हटलं.

"तू जा, पत्रकं वाट," ती म्हणाली, आणि बाटली रिकामी होईपर्यंत जागची हलली नाही.