धाकटीची पत्रिका

पहाटे शास्त्रीनगरातून जीप निघाली तेव्हा संतोषजींच्या मांडीवर लग्नाच्या तीन पत्रिका होत्या. संतोषजी म्हणजे आमच्या शेजारीण. इकडे बायकांचंही नाव संतोष असतं. त्यांच्या माहेरी, अरवलीत पार आत, शेजारशेजारच्या तीन शिखरांवर तीन देवी आहेत, सख्ख्या बहिणी. तिघींना आमंत्रण पोचल्याशिवाय घरात लग्न लागत नाही. आणि त्यांच्या लेकीचं, पूजाचं लग्न तोंडावर आलेलं. मी साताऱ्याची, डोंगर म्हटल्यावर मला आग्रह लागत नाही.

पायथ्याशी बाजरीची रोटी आणि लसणाची चटणी खाल्ली. माझा साताऱ्याचा तोरा पहिल्याच चढणीला उतरला. बुटाचा तळ सुटला, तो पूजाने आपल्या रिबिनीने बांधून दिला आणि वर मनसोक्त हसली.

थोरलीची पत्रिका ठेवली, खिंड ओलांडून मधलीची ठेवली. मग धाकटीचा डोंगर दाखवायला संतोषजींनी हात वर केला. तो तसाच राहिला.

समोर डोंगर नव्हता. त्याच्या जागी उभा कापलेला प्रचंड खड्डा, तळाशी हिरवं पाणी आणि फिरणारे डंपर. डोंगर काय पळून जातोय, असं म्हणत आम्ही गावाकडे चढाया पुढे ढकलतो. इथे अख्खं शिखर गेलं होतं.

"छोटी कठै गई?" (धाकटी कुठे गेली?) संतोषजींनी मधलीच्या पुजाऱ्याला विचारलं. माहेरी कोणी उरलं नसल्याने त्या कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. दगड रस्त्यांत गेला, घरांत गेला, मूर्तीचं ठाऊक नाही, असं तो म्हणाला.

पूजा खड्ड्यापलीकडच्या गावाकडे बघत होती. "मां, वो इनका ही गांव है. डंपर इनके भी चलते हैं."

'इनका' म्हणजे होणाऱ्या नवऱ्याचं. संतोषजी मटकन खाली बसल्या. हे लग्न आता मोडतंय, असं मला वाटलं.

घरी पोचलो तर नवरामुलगाच मिठाई घेऊन बसलेला. मोठा नम्र पोरगा, माझ्याही पाया पडला. संतोषजींनी त्याला आधी पाणी दिलं, मग उरलेली पत्रिका त्याच्या हातात ठेवली.

"कंवर सा (जावईबापू), ये छोटी माता की है. आप ही देकर आना. उसका घर आपका देखा हुआ है. ब्याह उसके बाद."

तो पत्रिकेवरचं देवीचं नाव वाचत राहिला. पूजा त्याच्याकडे बघत होती. चहा ठेवायला कोणी उठलं नाही.