लग्नाआधीच वडील

आमच्या चर्चच्या मंडळीत वडील म्हणजे बाप नव्हे. उपासनेची व्यवस्था बघणारा, प्रभुभोजनाच्या वेळी मदतीला उभा राहणारा, आजाऱ्यांच्या घरी जाऊन येणारा माणूस म्हणजे वडील. रत्नागिरीतल्या माझ्या ऑफिसात हे समजावता समजावता नाकी नऊ आले. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मला वडील व्हायला सुचवलंय, असं डबा खाताना बोलून गेलो, तर सगळे आधी हसले आणि मग पेढे मागू लागले. घरी आईने वेगळंच ऐकवलं, "बायकोचा पत्ता नाय, आणि हा निघाला वडील व्हायला."

चेष्टा सोडा, मला खरोखरच काही कळत नव्हतं. रविवारी पाळकांना उत्तर द्यायचं होतं. शिकून तयार हो म्हणून त्यांनी मला वर्षभर मंडळीतल्या एका म्हाताऱ्या वडिलांच्या हाताखाली दिलं होतं. त्यांना मी काका म्हणायचो. सोमवारी काका कायमचे मुलीकडे ठाण्याला चालले होते, आणि त्यांनी मला काय शिकवलं हे मला सांगता येत नव्हतं.

एकदा आम्ही एसटीने पार लोट्याला गेलो होतो. मंडळीतला एक जण तिथे कारखान्यात होता. पाळकांशी भांडून त्याने सुट्टीतही उपासनेला येणं बंद केलं होतं. मी रस्ताभर समजुतीची वाक्यं जुळवत बसलो. पोचलो तर तो रात्रपाळी करून झोपलेला. काकांनी त्याला उठवू दिलं नाही. नळाला पाणी आलं होतं. त्याच्या गरोदर बायकोच्या हातची कळशी काकांनी काढून घेतली आणि पिंप भरायला लागले. मी पुढे झालो तर म्हणाले, "तू बस." पिंप भरलं, चहा झाला, आम्ही परतीच्या गाडीत.

"काका, आपण आलो कशाला होतो?"

"त्याला झोप हवी होती रे," एवढं बोलून ते घोरायला लागले. मला रागच आला. तो माणूस पुढे उपासनेला आला म्हणावं, तर तसंही झालं नाही.

वर्षभर हेच चाललं. खुर्च्या काका लावणार, चहाचे कप काका विसळणार, आणि मी हात लावला की "राहू दे." मग मी शिकायचं तरी काय?

शनिवारी मी नकार पक्का करूनच त्यांच्याकडे गेलो. पाळकांच्या आधी त्यांना सांगावं, एवढाच विचार होता. सामान बांधून झालं होतं. काका एका आजारी बाईंना शेवटचं भेटायला निघाले होते. पाय सुजले होते. खुर्चीत बसून ते चपलेच्या पट्ट्यापर्यंत वाकू बघत होते, पण हात पोचत नव्हता. मी "काका" म्हणून सुरुवात केली, तोच त्यांनी पाय माझ्यापुढे केला.

"लाव बाबा. मला नाय जमत."

मी खाली बसलो. वर्षभर ज्यांनी मला कप विसळू दिला नव्हता, त्यांचा पाय माझ्या हातात होता. त्यांना मुळीच संकोच वाटत नव्हता, आणि मला रडू येत होतं. का, ते कळेना. पट्टा सुजेवर हळूच ओढून लावला. दुसरा पाय त्यांनी न सांगता पुढे केला.

मला नाही जमणार, हेच तर मी सांगायला आलो होतो. ते त्यांनीच आधी बोलून टाकलं होतं. नकार तसाच ठेवून मी दुसरा पट्टा लावला, आणि त्या आजारी बाईंकडे त्यांच्याबरोबर निघालो.